बांधलेली दांडी

लाइट गेली ते बरं झालं. आता तरी ती मोबाईलची डबडी खिशात घाला. मघापासून बघतोय, चौघं डोक्याला डोकं लावून त्या पांढऱ्या साडीवाल्या बाईचा व्हिडिओ बघताय आन् एकमेकाच्या मांडीला चिमटे काढताय. जेसीबी चालवायचं लायसन हाय तुमच्या खिशात, आन् भ्याता कशाला, तर साडीला! भुताचं काय कापडाचं दुकान हाय व्हय रं?

समर्थ, तो टायर इकडं लोट, त्याच्यावर बस. सांगतो एक. कुठं वाचलेलं न्हाई. ज्याच्यावर बेतलं, तो मानूस माझ्याच हाताखाली शिकला. सांगायला लाज वाटती, पन शिकला.

अंगद त्याचं नाव. मी साखर कारखान्याच्या वर्कशॉपात फिटर हुतो, तवा हा आयटीआय करून आल्ता. हात चांगला हुता. पन हाताला अक्कल आली की डोक्याला मस्ती येती, तसं झालं. दोन वर्षांत मलाच शिकवायला लागला. मंग बाहेर पडला, सावेडीत फ्लॅट घेतला, पोकलेन, क्रेन, झाडं तोडायची मशीनं, सगळ्यांच्या दुरुस्तीची कामं घ्यायला लागला. गॉगल डोक्यावर. पान्याला हात लावायच्या आधी हातमोजे. आन् ऑपरेटर लोकांशी बोलायचा तर असा, की जनू ते मशीनला लागलेला चिखल हायत.

त्या साली काष्टीच्या पुढं एक रस्ता रुंद करायचं काम निघाल्तं. रस्त्याकडंच्या चिंचा, लिंबं, वड, सगळं आडवं करायचं. ठेकेदार सुनीलशेठ. पांढरे कपडे, पांढरी गाडी, आन् मशीनच्या जवळ कधी पाच मिनिटं उभा राह्यला न्हाई, कारन कपड्यावर भुसा उडतो. त्यानं एक चिपर आनला. चिपर बघितलाय का तुमी? न्हाई? मंग व्हिडिओ तरी कशाचे बघता?

एक मोठी पेटी, तिला स्वतःचं डिझेल इंजिन. एका बाजूला तोंड. तोंडात फांदी सारली की दोन रोलर तिला आत वढतात, आत पात्यांचा ढोल गरगर फिरत असतो, त्याच्या खाली लोखंडाची ऐरन, तिच्यावर फांदी कापली जाती, आन् दुसरीकडून भुसा उडतो. मांडीयेवढा सोट, बघता बघता भुसा.

तोंडाशी एक लाल दांडी असती, आडवी. मानूस फांदीबरोबर वढला जायला लागला की त्याचं अंग त्या दांडीला लागतं आन् रोलर जागच्या जागी थांबतात. बास. मानूस आन् भुसा ह्यांच्या मधी तेवढी एकच दांडी.

अडचन अशी, की फांद्या वेड्यावाकड्या, काटेरी. त्या पन दांडीला लागायच्या. दर दहा मिनिटाला मशीन बंद. शेठ बोंबलायला लागला. म्हनला, अंगद, ह्याचं काय तरी कर. अंगदनं काय केलं? बाइंडिंगची तार घेतली आन् दांडी बांधून टाकली. त्याला तो ‘सेटिंग’ म्हनायचा. थू त्या सेटिंगवर.

ऑपरेटर हुता योसेफ साळवे. श्रीरामपूरकडचा, मिशनवाला. पन्नाशीचा, अंगानं बारीक, कमी बोलायचा. शेठ कितीबी बोंबलला तरी रविवारी मशीनला हात लावायचा न्हाई. त्यानं ती तार बघितली आन् म्हनला,

“अंगद, ती तार सोड. दांडी हाय म्हनून आमी हाय.”

अंगद काय म्हनला? “भीती वाटत असेल तर घरी जा, बायकोच्या पाठीमागं बस.”

सगळे हासले. हासनारे लई असतात.

तिसऱ्या दिवशी, मे महिन्यातलं दुपारचं ऊन, बाभळीच्या फांदीचा काटा योसेफच्या बाहीत अडकला. पुढचं सांगत न्हाई. तुमी जेवून आलाय.

पन त्याच्या पुढचं सांगतो, कारन ते जास्त घान हाय. पोलीस यायच्या आधी अंगदनं पक्कड घेतली, तार कापली आन् खिशात घातली. दांडी मोकळी. मशीन एकदम कायद्यात. आन् पोलिसाला म्हनला, “पिऊन होता साहेब. किती वेळा सांगितलं, ऐकत नव्हता.” शेठनी मान डोलावली. त्या हासनाऱ्यांनी पन डोलावली. मिशनवाला ना, मंग पीतच असनार, हे अर्ध्या तालुक्याचं गनित. तपासून बघायला काय उरलं हुतं?

योसेफनं उभ्या जन्मात चहाशिवाय काय पिलं न्हवतं. मी वळखत हुतो त्याला. पन मला कोनी विचारलं न्हाई, आन् मी पन आपनहून सांगायला गेलो न्हाई. हासू नका. मी सगळ्यांना शिव्या देतोय ना, त्यात मी पन हाय.

त्याची बायको फिलोमिना. मातीच्या वेळी मागच्या गर्दीतून तिच्या कानावर आलं, “दारुड्या हुता.” तिनं पदर सारखा केला आन् उभी राह्यली.

मशीन धुतलं. नारिंगी रंग मारला. दिवाळी झाल्यावर परत त्याच रस्त्यावर आनून उभं केलं.

आता रात्र सांगतो. २०२३ साल, सतरा नोव्हेंबर, शुक्रवार. आवस-बिवस काय न्हवती, उगं कान टवकारू नका. पंचमीची कोर हुती, ती दहाच्या आधीच मावळून गेल्ती.

एका जुन्या चिंचंच्या बुंध्यात पाटी लावायला कुनी तरी मोठा खिळा ठोकल्ता. तो चिपरमधी गेला आन् पातं गेलं. सकाळी सहाला रस्ता अडवून मोठा वड घ्यायचा हुता. म्हनून शेठनी अंगदला फोन केला, रातीतनं पातं बदल. अंगद जेवला, पिकअपमधी नवं पातं टाकलं, आन् साडेनऊला सावेडीतून निघाला. रस्त्यानं ऊसाचे ट्रॅक्टर, टेप मोठ्यानं लावलेले. साईटवर पोचला तवा अकरा वाजून दहा मिनिटं झाल्ती.

साईटवर एकच मानूस. छगन, राखनदार. कानटोपी, काठी, आन् तोंडाचा पट्टा अखंड चालू. छगन म्हनला,

“साहेब, रातचं नका खोलू ते. उजाडल्यावर खोला.”

“का? मशीन झोपतं का रात्री?”

“तसं न्हाई... पन मी बी त्याच्या जवळ बसत न्हाई. तो योसेफ—”

“योसेफ मेला. बेवड्याच्या मौतीनं मेला. जा, चहा घेऊन ये.”

असं बोलला. त्याच मशीनवर हात ठेवून.

छगन मोटारसायकलवर गेला. ढाबा तीन किलोमीटर.

अंगदनं चावी काढून खिशात घातली. बॅटरीची वायर सोडली. तेवढी अक्कल शाबूत हुती. ढोलावरचं झाकन उचललं. आता झाकन उचलल्यावर ढोल फिरू नये म्हनून त्याला एक जाड खीळ घालायची असती. ती खीळ कधीच हरवल्ती, आन् नवी करायची कुनाला सवड हुती? अंगदनं लाकडाची एक पाचर मारली. झालं परत सेटिंग.

कपाळाला टॉर्च बांधला, पत्र्यावर पालथा पडला, डावा हात ढोलाच्या खाली घातला. पातं सहा बोल्टवर बसतं. जुनं काढलं. नवं बसवलं. एक बोल्ट आवळला. दुसऱ्याला जोर पुरंना, पान्याला पाईप लावायला पाह्यजे हुता.

पाठीमागं पाऊल वाजलं. भुशावर पाय पडल्यावर जसं वाजतं, तसं. मऊ.

“आलास का? तो पाईप दे.”

उजवा हात मागं केला. पाईप हातात आला.

दुसरा बोल्ट आवळला. पान्यासकट पाईप मागं धरला. कुनी तरी तो हातातून काढून घेतला.

“तिसरा बोल्ट.”

बोल्ट आला. वायसर घातलेला. आटे पुसलेले. छगनला बोल्ट आन् बटाटा ह्यातला फरक कळत न्हाई, पन अंगदच्या टाळक्यात तवा बी उजेड पडला न्हाई.

मंग पाना पाह्यजे हुता, तीसचा. त्यानं नुसता हात मागं केला. बोलला न्हाई.

पाना आला. तीसचाच.

आन् मागून एक आवाज आला. नाकातून. “हूं...” एखाद्याचं गचाळ काम बघून आपन काढतो ना, तसा.

अंगदला राग आला. “काय हूं? तुला काय कळतं रे ह्यातलं?”

तेवढ्यात फोन वाजला. पत्र्यावर शेजारीच ठेवल्ता. त्यानं पाना खाली ठेवला, स्पीकर चालू केला.

“साहेब, छगन बोलतोय. चहा साखरेचा का बिनसाखरेचा?”

...

“तू... कुठं आहेस?”

“ढाब्यावर. ऊसवाल्यांची लई गर्दी हाय. अर्धा तास झाला, उभाच हाय मी. साखरेचा घेऊ ना?”

फोन बंद झाला.

रस्त्यावर ट्रॅक्टर न्हाई. कुत्रं न्हाई. रातकिडा न्हाई.

अंगदचा डावा हात आत. उजवा पत्र्याच्या कडेवरून लोंबत हुता. त्या हातात कुनी तरी हळूच... पाना न्हाई. बोल्ट न्हाई.

आपला हात ठेवला.

गार न्हवता. गरम हुता. दिवसभर मशीनवर काम केलेल्या मानसाचा असतो, तसा.

पाचर निसटली.

टक.

ढोल फिरला. जोरात न्हाई. हातानं फिरवतात तसा, बोटभर. अंगदचा डावा हात, मनगटाच्या वर, पातं आन् खालच्या ऐरनीच्या मधी... थांबला. कापला न्हाई. नुसता धरला.

चावी खिशात. बॅटरी सुटलेली.

“अंगद...”

...

“मी पिलो हुतो?”

 मंग बोलला तर काय बोलला? सवय असती ना मानसाला. म्हनला, “शेठनी सांगितलं म्हणून...”

ढोल आनखी केसभर.

“नाही! नाही... तू पिलेला नव्हतास. दांडी मी बांधली. तार मी काढली. मी.”

...

परत तेच. नाकातून. “हूं...”

“मला काय सांगतो? मला ठाऊक हाय.”

बास. त्याच्यापुढं शब्द न्हाई. सोडलं बी न्हाई, दाबलं बी न्हाई.

तसाच पडून राह्यला. छगनचा फोन आल्ता बारा वाजून चार मिनिटांनी. ते त्यानं नंतर मोबाईलमधी बघितलं. छगन परत आला बारा पंचविसाला. एकवीस मिनिटं. फोन उजव्या हाताला लागत हुता. पन कुनाला लावावा तेच त्याला सुचंना. रातच्या बारा वाजता हाक मारावी असा एक मानूस त्यानं अख्ख्या आयुष्यात कमवला न्हवता. सगळ्यांना चिखल समजत राह्यला, आन् आता चिखलच कामाला आला असता.

छगनच्या गाडीचा दिवा झाडांवरून फिरला. त्यानं लांबच गाडी लावली. हातात चहाची पिशवी. पुढं यायला तयार न्हाई.

“साहेब, चहा.”

अंगद बोंबलला. छगन म्हनतो, मला वाटलं मशीनच चालू झालं.

“छगन! योसेफ पिलेला नव्हता! दांडी मी बांधली होती! तो तार सोड म्हणत होता, मी सोडली नाही! ऐकलंस का? मी!”

“ऐकलं साहेब... ऐकलं.”

ढोल मागं गेला.

बोटभर.

सावकाश.

हाताला खरचटलं बी न्हवतं. अंगद उठला, आन् सगळं तिथंच टाकलं. झाकन उघडं, दोन बोल्ट आवळलेले, तिसरा नुसता अडकवलेला, बाकीचे तीन पत्र्यावर. पिकअप पन सोडली. छगनच्या गाडीवर मागं बसला आन् म्हनला, “चल.” छगन म्हनला, “कुठं?” म्हनला, “उजेड असेल तिथं.” उजाडंपर्यंत दोघं ढाब्यावर बसले.

समर्थ, नुसतं ‘बाप रे’ करू नको. पुढं ऐक.

तुमाला वाटत असंल, अंगदला पश्चात्ताप झाला. काय न्हाई. पश्चात्ताप ही लई मोठी वस्तू हाय, ती अंगदच्या मापाची न्हवती. झालं असं, की छगनच्या तोंडात तीळ भिजत न्हाई. अंगद कोपऱ्यातल्या बाजंवर दिव्याकडं तोंड करून पडल्ता तवर छगननी ऊसाच्या एकूनएक ड्रायव्हरला गोष्ट सांगितली. आन् ऊसाचा ड्रायव्हर म्हनजे चालतंफिरतं वर्तमानपत्र. उजाडंपर्यंत गोष्ट चार गावांत गेली. मागं फिरायला वाटच न्हवती, म्हनून गडी दहा वाजता पोलीस ठान्यात गेला आन् सगळं लिहून दिलं. शेठचं नाव पन. केस चालू हाय. शेठ अजून पांढरे कपडे घालून तारखेला जातो, आन् तिथं बी बाकावर बसायच्या आधी रुमाल टाकतो.

पुढं आठ दिवसांनी अंगद फिलोमिनाकडं गेला, माफी मागायला. मला संगं चला म्हनला, एकट्याचं धाडस होईना. ती दारात तांदूळ निवडत बसल्ती. अंगदनं सगळं सांगितलं. रडला पन. शेवटी म्हनला, “बाई, ते पिलेले नव्हते.”

तिनं वर बघितलं. “मला ठाऊक हाय. मला कशाला सांगतोस? मातीला जे आल्ते, त्यांना सांग.”

सूप उचललं, आत गेली, दार लावलं.

मी पन आल्तो मातीला. ते दार मला पन लागलं.

अंगद आता सावेडीत चुलतभावाच्या झेरॉक्सच्या दुकानात बसतो. कागद अडकला, की मशीनचं झाकन उघडायला भावाला हाक मारतो.

तुमी म्हनाल, घाबरलेल्या मानसाला काय बी भास होतो. पाचर निसटली, ढोल आपल्या वजनानं फिरला, हात अडकला. मी पन तसंच म्हनलो असतो. मी काय तुमच्यासारखा साडीला भिनारा न्हाई. पन त्या रातीच्या दुसऱ्याच दिवशी, शनिवारी दुपारी तीनला पोलीस मशीन जप्त करायला गेले. मशीनमधलं कळनारा पंच पाह्यजे म्हनून मला बोलावलं. मजूर सकाळपासून लांब लिंबाखाली बसून हुते. गोष्ट ऐकल्यावर एकानं पन मशीनच्या जवळ पाय टाकला न्हवता. झाकन उघडंच हुतं. मी आत वाकलो.

सहाच्या सहा बोल्ट बसलेले. पाना लावून बघितला, हलंनात. लई वर्षांत असं काम बघितलं न्हवतं मी. आन् एकेका बोल्टाच्या डोक्यावरून पात्यापर्यंत पिवळ्या रंगाची बारीक रेघ. जुने फिटर मारायचे तशी रेघ. बोल्ट जरा जरी ढिला झाला, की रेघ तुटलेली दिसती. आता कोन मारतो? मी सगळी साईट पालथी घातली. पिवळ्या रंगाचा डबा न्हाई, ब्रश न्हाई. योसेफ तशी रेघ मारायचा का? कुनालाच सांगता येईना.

बोट लावून बघितलं. रंग ओला हुता. म्हनलं, असंल. कुनी तरी सकाळी मारला असंल.

मशीनला सील लावून ठान्याच्या मागच्या आवारात नेऊन ठेवलं. तिथंच हाय अजून. दोन पावसाळे गेले त्याच्यावरून, दोन उन्हाळे. चाकं जमिनीत रुतली, पत्र्याला गंज चढला. ह्या मंगळवारी कोर्टाच्या कामाला झाकन परत उघडायचं हुतं, मला बोलावल्तं. सील जसंच्या तसं. मी वाकलो, आन् काय सुचलं कुनास ठाऊक... परत बोट लावलं.

समर्थ, काडी वढ. इकडं धर, माझ्या हाताजवळ. हे बोट बघ.

मंगळवारी लावल्तं. आज शनिवार. साबन झाला, डिझेल झालं, राख झाली...

हात लावू नको!

तुझ्या बी बोटाला लागंल. अजून ओलं हाय.